परका सिनेमा, गावचे थिएटर

रिचमंड ही अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याची राजधानी. वस्ती सव्वादोन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या गावाएवढी. यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा कारभार इथून चालला, पुढे तंबाखूच्या धंद्यावर शहर पोसले. सिनेमाशी याचे खास नाते असावे असे काही नाही. फ्रान्सशी मात्र एक जुना धागा आहे. इथल्या विधिमंडळाची इमारत टॉमस जेफरसनने शार्ल-लुई क्लेरिसो या फ्रेंच वास्तुरचनाकाराच्या मदतीने रेखाटली, तीही दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहरातले ‘मेझों कारे’ हे रोमन मंदिर डोळ्यांसमोर ठेवून. आणि आत उभा असलेला जॉर्ज वॉशिंग्टनचा संगमरवरी पुतळा फ्रेंच शिल्पकार उदों याने घडवलेला आहे. या शहरात १९९३ साली फ्रान्स्वाज राव्हो-कर्कपॅट्रिक आणि पीटर कर्कपॅट्रिक या प्राध्यापक दांपत्याने फ्रेंच चित्रपट महोत्सव सुरू केला. त्या रिचमंड विद्यापीठातल्या, ते व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठातले. वरवर पाहिले तर हा सांस्कृतिक देवाणघेवाणीचा एक गोडगोड कार्यक्रम वाटतो: दूतावासाच्या शुभेच्छा, चार भाषणे, काही चित्रपट. मला त्यात याहून बरेच जास्त दिसते. चित्रपट तयार करण्यासाठी लागणारी व्यवस्था एखादा देश कायद्याने उभी करू शकतो. त्याचा प्रेक्षक मात्र कुणीतरी गावोगावी हाताने घडवावा लागतो, आणि रिचमंडसारखे महोत्सव नेमके ते काम करतात. फ्रेंच सिनेमाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी ठळकपणे दिसतात, म्हणून हे उदाहरण तपासून पाहण्यासारखे आहे.

महोत्सवाच्या जन्माचे साल योगायोगाने आलेले असले तरी बोलके आहे. १९९३ च्या उत्तरार्धात ‘गॅट’ या जागतिक व्यापार कराराच्या उरुग्वे फेरीतल्या वाटाघाटी शेवटच्या टप्प्यात होत्या, आणि अमेरिका व युरोप यांच्यात अडून बसलेल्या विषयांपैकी एक होता चित्रपट. अमेरिकेचे म्हणणे सरळ होते: चित्रपट हीसुद्धा विकाऊ सेवा आहे, तेव्हा तिला मुक्त व्यापाराचे नियम लावा, कोटा आणि सरकारी मदत यांच्या भिंती पाडा. फ्रान्सने ‘सांस्कृतिक अपवाद’ ही भूमिका लावून धरली, युरोपला आपल्या मागे उभे केले, आणि अखेर दृक्‌श्राव्य क्षेत्र त्या बांधिलकीतून बाहेर ठेवले गेले. त्याच हंगामात फ्रान्सच्या थिएटरांत एकीकडे स्पिलबर्गचा ‘जुरासिक पार्क’ आणि दुसरीकडे एमिल झोलाच्या कादंबरीवरचा क्लोद बेरीचा ‘जर्मिनाल’ लागला होता, आणि डायनोसॉर विरुद्ध खाणकामगार असा सामना वर्तमानपत्रांनी रंगवला होता. भांडण नवे नव्हते. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ साली झालेल्या ब्लम-बर्न्स करारात कर्जमाफीच्या बदल्यात फ्रान्सने अमेरिकी चित्रपटांना आपली दारे उघडली होती. फ्रेंच चित्रपटांसाठी दर तिमाहीत अवघे चार आठवडे राखीव ठेवले गेले. त्याविरुद्ध १९४८ च्या जानेवारीत कलावंत आणि तंत्रज्ञ पॅरिसच्या रस्त्यावर उतरले, आणि पुढे चाराचे पाच आठवडे झाले.

त्या धक्क्यातून जी यंत्रणा उभी राहिली ती समजून घेण्यासाठी एका तिकिटाचा प्रवास पाहावा. फ्रान्समध्ये दहा युरोचे तिकीट काढले की त्यातला १०.७२ टक्के, म्हणजे एक युरोपेक्षा थोडा जास्त हिस्सा, खास कर म्हणून वेगळा निघतो. हा कर १९४८ पासून आहे. तो सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळत नाही. १९४६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे, ज्याला सगळे ‘सेएनसे’ म्हणतात, थेट जातो. चित्रपट कोणत्या देशाचा आहे हे कर पाहत नाही. प्रेक्षक ‘अवतार’ पाहायला गेला तरी त्याच्या तिकिटातला तो युरो कुठल्यातरी फ्रेंच चित्रपटाच्या खात्याकडे वळतो. हॉलिवूडची कमाई जितकी मोठी, तितका फ्रेंच सिनेमाचा गल्ला भरतो, हा या रचनेतला मिश्कील भाग. जमलेला पैसा दोन वाटांनी परत जातो. फ्रेंच चित्रपट चालला की त्याच्या निर्मात्याच्या नावे केंद्राकडे रक्कम जमा होते, पण ती त्याला खिशात घालता येत नाही, पुढच्या चित्रपटातच घालावी लागते. दुसरी वाट १९५९ साली, आंद्रे मालरो संस्कृतिमंत्री असताना, खुली झाली: पटकथा वाचून समिती आगाऊ रक्कम देते, चित्रपटाने कमावले तर ती परत करायची. पहिलाच चित्रपट करणाऱ्यांसाठी यात वेगळी सोय आहे. ऐंशीच्या दशकात दूरचित्रवाणी वाहिन्या आणि अलीकडे नेटफ्लिक्ससारख्या कंपन्याही अशाच करांच्या कक्षेत आल्या. २०२४ साली फ्रान्समध्ये अठरा कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली आणि त्यांतली चाळीस टक्क्यांहून अधिक फ्रेंच चित्रपटांची होती. युरोपातल्या बहुतेक देशांना हे आकडे स्वप्नातलेच वाटतील. याचे श्रेय नुसत्या प्रतिभेला देणे भाबडेपणाचे होईल. प्रतिभा इटलीतही होती आणि आहे.

पण ही यंत्रणा फ्रान्सच्या सीमेपाशी थांबते. अटलांटिक ओलांडला की तिचा जोर जवळजवळ संपतो, कारण अमेरिकी वितरक परक्या भाषेतला चित्रपट हातात घेताना दहादा विचार करतो, आणि घेतलाच तर तो न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि दोन-चार विद्यापीठी शहरांपलीकडे क्वचितच पोचतो. अमेरिकी बाजाराला फ्रेंच गोष्टी मात्र फार आवडतात. गोष्ट घ्यायची आणि चित्रपट ठेवून द्यायचा अशी त्याची रीत. कोलीन सेरोच्या १९८५ च्या चित्रपटात तीन अविवाहित मित्रांच्या दारात एक तान्हे बाळ येऊन पडते. दोनच वर्षांत त्याचा ‘थ्री मेन अँड अ बेबी’ झाला आणि तो त्या वर्षीचा अमेरिकेतला सर्वांत मोठा धंदा करणारा चित्रपट ठरला. (त्याच गोष्टीची सावली पुढे आपल्या ‘हे बेबी’पर्यंत पोचली.) ‘एंतुशाब्ल’ २०११ साली फ्रान्समध्ये १.९ कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. अमेरिकेने त्याचा ‘द अपसाइड’ बनवला. सर्वांत बोलके उदाहरण ‘ला फामी बेलिए’चे. मूकबधिर शेतकरी कुटुंबातल्या एकट्या ऐकू येणाऱ्या मुलीची ही २०१४ ची फ्रेंच गोष्ट शेतातून मासेमारीच्या गावात नेऊन ‘कोडा’ तयार झाला, आणि त्याला २०२२ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. ‘कोडा’ने बधिर भूमिकांत बधिर कलावंत घेतले, मूळ चित्रपटात आई-वडिलांच्या भूमिका ऐकू येणाऱ्या नटांनी केल्या होत्या, तेव्हा नवी आवृत्ती काही बाबतींत सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. तरी मूळ चित्रपट पाहिलेला अमेरिकी प्रेक्षक शोधावा लागतो. गोष्ट प्रवास करते. तिच्यातली माणसे, त्यांची भाषा, त्यांचे जेवणाचे टेबल, त्यांचे राजकारण मागेच राहते.

या जागी रिचमंडचा महोत्सव येतो. त्याचे ठिकाण ‘बर्ड’ हे कॅरीटाऊन या बाजारपेठेतले जुने थिएटर. १९२८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ते सुरू झाले. तेराशेच्या आसपास खुर्च्या, छतातून लोंबणारे अडीच टन वजनाचे स्फटिकाचे झुंबर, आणि मूकपटांच्या काळातला वुर्लिट्झर ऑर्गन. शनिवारी रात्री चित्रपटाआधी वादक ऑर्गनसकट रंगमंचासमोरच्या खड्ड्यातून हळूहळू वर येतो, ही या थिएटरची जुनी प्रथा. एरवी इथे पडद्यावरून उतरलेले आणि जुने चित्रपट स्वस्तात दाखवले जातात, आणि शेजारपाजारचे लोक ते पाहायला येतात. महोत्सव इथे भरतो याचा अर्थ असा की फ्रेंच चित्रपट पाहायला परक्या, दडपण आणणाऱ्या सभागृहात जावे लागत नाही. ज्या खुर्चीत बसून ‘कॅसाब्लांका’ पाहिला त्याच खुर्चीत तो पाहता येतो. चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवले जातात, लघुपटांनाही जागा असते, आणि खेळ संपल्यावर ज्यांनी तो केला ते रंगमंचावर येतात: दिग्दर्शक, नट, आणि जे एरवी कुणाला दिसत नाहीत ते छायालेखक, ध्वनीची बाजू सांभाळणारे, संगीतकार. प्रश्न इंग्रजीतून विचारला जातो, उत्तर फ्रेंचमधून येते, दुभाषा मधे उभा असतो. ही मंद चाल मला फार उपयोगाची वाटते, कारण दुभाषा बोलत असतो तेवढ्या वेळात श्रोत्याला आपला प्रश्न बरोबर होता का, हे स्वतःशी तपासता येते. लॉस एंजेलिसमध्येही १९९७ पासून फ्रेंच चित्रपटांचा मोठा महोत्सव भरतो, पण तो दिग्दर्शकांच्या संघटनेच्या थिएटरात, दोन्ही देशांतल्या व्यावसायिक संघटनांच्या निधीवर. तिथे समोर बसलेल्या माणसांत वितरक आणि पटकथाकार असतात. सौदे होऊ शकतात. रिचमंडमध्ये सौदा होण्यासारखे फारसे काही नाही. समोर शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त माणसे. पाहुण्यांना इथून मिळते ती फक्त दाद आणि शंका, आणि एवढ्यासाठी ते अटलांटिक ओलांडून येतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हा सगळा फ्रेंच सरकारचा प्रचार. आक्षेप निराधार नाही. फ्रेंच चित्रपटांचा परदेशी प्रसार करण्यासाठी ‘युनिफ्रान्स’ ही संस्था १९४९ पासून आहे, वकिलाती अशा महोत्सवांना हातभार लावतात, आणि कुठलाही देश उगाच पैसा खर्च करत नाही. पण प्रचार म्हणून पाहिले तर तो विचित्र प्रचार आहे. ‘ला एन’ या मातिए कासोविट्झच्या १९९५ च्या कृष्णधवल चित्रपटात पॅरिसबाहेरच्या वस्तीतली तीन मुले, एक ज्यू, एक काळा, एक अरब, आणि त्यांच्यावर दात धरून असलेले पोलीस आहेत. त्या वेळचे पंतप्रधान आलें ज्युपे यांनी आपल्या मंत्र्यांसाठी त्याचा खास खेळ ठेवला होता. रशीद बुशारेबच्या ‘आंदिजेन’ने २००६ साली दाखवले की फ्रान्सच्या मुक्तीसाठी उत्तर आफ्रिकेतले सैनिक लढले आणि नंतर विसरले गेले, वसाहतींतल्या या माजी सैनिकांची निवृत्तिवेतने १९५९ पासून गोठवलेली होती, आणि चित्रपट प्रदर्शित होण्याच्या सुमारास अध्यक्ष शिराक यांच्या सरकारने ती फ्रेंच सैनिकांच्या बरोबरीने आणण्याचा निर्णय जाहीर केला. २०२३ साली कान महोत्सवात ‘अनातोमी द्युन शूत’साठी सर्वोच्च पुरस्कार घेताना दिग्दर्शिका ज्युस्तीन त्रिए हिने व्यासपीठावरूनच सरकारवर टीका केली, निवृत्तिवेतनाच्या सुधारणांवरून आणि संस्कृतीच्या बाजारीकरणावरूनही. संस्कृतिमंत्री चिडल्या, ज्या व्यवस्थेने चित्रपट शक्य केला तिच्याविषयी हा कृतघ्नपणा आहे असा त्यांचा सूर होता. मला तो सूर चुकीचा वाटतो. तिकिटातून आलेला पैसा मंत्र्याचा नसतो, म्हणूनच तो घेऊन मंत्र्याला बोल लावता येतो. सरकारी मदत म्हटली की कलावंताने मान खाली घालायची, हे समीकरण आपल्याकडे इतके रुळले आहे की याचे नवल वाटते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि त्यात मला बरेच तथ्य दिसते. परदेशात दाखवला जाणारा फ्रेंच सिनेमा म्हणजे वाईन, चीज, सुंदर स्वयंपाकघर आणि विवाहबाह्य प्रेम. प्रेक्षकाला जो फ्रान्स हवा असतो तोच त्याला वाढायचा. २०२३ सालीच याचा धडधडीत पुरावा मिळाला. ऑस्करसाठी देशाची अधिकृत प्रवेशिका निवडण्याची वेळ आली तेव्हा फ्रेंच समितीने त्रिएचा ‘अनातोमी द्युन शूत’ बाजूला ठेवला आणि ट्रान आन्ह हुंगचा ‘ला पासिओं द दोदें बुफां’ पाठवला. हा एकोणिसाव्या शतकातल्या एका खवय्याचा आणि त्याच्या स्वयंपाकिणीचा, डोळ्यांना पाणी आणण्याआधी तोंडाला पाणी आणणारा चित्रपट. चित्रपट वाईट नाही, उलट त्यातले रांधण्याचे प्रसंग विलक्षण आहेत. पण त्याला अंतिम नामांकन मिळाले नाही, आणि त्रिएच्या चित्रपटाने इतर विभागांत पाच नामांकने मिळवून पटकथेचे ऑस्कर नेले. दुसऱ्याला काय आवडेल याचा अंदाज बांधून निवड करणारे असे तोंडघशी पडतात. महोत्सवांनाही हाच मोह असतो. सभागृह भरायचे तर हलकेफुलके, खाण्यापिण्याचे चित्रपट आधी लावावेत असे आयोजकाला वाटणारच. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. खुद्द फ्रेंच माणसे काय पाहतात? २०२४ साली तिथे सर्वाधिक चालला तो ‘अं पती त्र्युक आं प्ल्यूस’, बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणांच्या सहलीत लपून बसलेल्या चोर बाप-लेकाचा विनोदी चित्रपट, एक कोटीहून अधिक तिकिटांचा. त्याच्या मागोमाग द्युमाच्या कादंबरीवरचा ‘मॉन्टे क्रिस्टो’. फ्रेंच सिनेमा म्हणजे सिगारेट ओढत मरणावर बोलणारी माणसे, हे चित्र बाहेरच्यांनी रंगवलेले आहे. जो महोत्सव असे धंदेवाईक विनोदी चित्रपट, माहितीपट आणि पदार्पणाचे चित्रपट एका आठवड्यात शेजारी शेजारी लावतो, तो हे चित्र थोडेफार पुसतो. जो फक्त मान्यवर नावे लावतो तो ते गडद करतो, आणि त्याच्यावरचा आक्षेप योग्यच आहे.

तिसरा आक्षेप आजचा: सगळे घरी बसून मिळते, मग थिएटरात जायचे कशाला? युनिफ्रान्सनेच २०११ पासून फ्रेंच चित्रपटांचा एक ऑनलाइन महोत्सव चालवला आहे, म्हणजे फ्रेंच संस्थांनाही घरचा पडदा वर्ज्य नाही. पण उपलब्ध असणे आणि पाहिले जाणे यांत अंतर आहे. हजारो नावांच्या यादीत अनोळखी दिग्दर्शकाचा चित्रपट असला काय नि नसला काय; यादी आपल्याला आपण आधी पाहिले त्यासारखेच पुढे करत राहते. फ्रान्सने हे ओळखून चित्रपट आधी थिएटरात आणि मग टप्प्याटप्प्याने इतरत्र असा क्रम कायद्याने बांधून ठेवला आहे. २०२२ च्या करारानुसार नेटफ्लिक्सला थिएटरनंतर पंधरा महिने थांबावे लागले. हा क्रम जाचक आहे अशी तक्रार कंपन्या करतात, आणि तरुण प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले तर पंधरा महिने खरोखरच फार झाले. तरी दोन हजारांच्या आसपास थिएटरे आणि सहा हजारांवर पडदे जिवंत राहिले आहेत, त्यात या क्रमाचाही वाटा आहे. अमेरिकेत असा क्रम नाही, राखीव आठवडे नाहीत, तिकिटावर असा कर नाही. तिथे तेच काम महोत्सवाला करावे लागते: कुणीतरी निवड केली आहे, वेळ ठरलेली आहे, आज नाही पाहिले तर उद्या दुसराच खेळ आहे. या सक्तीमुळेच अनोळखी चित्रपटापुढे माणूस बसतो.

महाराष्ट्राचा या सगळ्याशी संबंध आहे, आणि तो जुनाही आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवल्या गेल्या, तेव्हा आपल्याकडचा पहिला सिनेमाप्रेक्षक फ्रेंच सिनेमाचाच प्रेक्षक होता. ताजा धागा पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’चा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या दिग्दर्शिकेचा, मुंबईतल्या परिचारिकांचा हा चित्रपट मल्याळम, हिंदी आणि मराठीत बोलतो. छाया कदम यांनी त्यात रुग्णालयातली स्वयंपाकीण पार्वती उभी केली आहे, जी चाळीतले घर हातचे जाते म्हणून रत्नागिरीकडच्या गावी परतते. या चित्रपटामागे फ्रेंच निर्मितिसंस्था होती. २०२४ साली कानमध्ये त्याला ग्रां प्री मिळाले. भारताच्या निवड समितीने ऑस्करसाठी तो पाठवला नाही. फ्रान्सने मात्र आपल्या प्रवेशिकेसाठी अंतिम चारांत त्याचा विचार केला, आणि शेवटी ‘एमिलिया पेरेझ’ निवडला. मराठी सिनेमालाही सरकारी अनुदान आहे, २०१५ साली मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला मोक्याच्या वेळेचा खेळ देण्याची सक्तीही झाली, आणि मग ती मोक्याची वेळ दुपारी बारापर्यंत मागे सरकवली गेली. निर्मात्याला अनुदान आणि थिएटरला हुकूम, एवढ्यावर आपले धोरण थांबते. प्रेक्षक घडवण्याचे काम १९६८ पासून ‘प्रभात चित्र मंडळा’सारख्या संस्थांनी बऱ्याच अंशी हौसेवर आणि पुढे पुण्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाने केले. कोल्हापूर, नाशिक, लातूर अशा गावांत एखाद्या प्राध्यापक दांपत्याने दरवर्षी आठवडाभर एकाच देशाचा सिनेमा, तो करणाऱ्यांसह, जुन्या एकपडदा थिएटरात आणून दाखवणे हे खर्चिक आहे, पण अशक्य नाही.

रिचमंडच्या प्रयोगाची मर्यादाही उघड आहे. मार्चअखेरीचा तो आठवडा उलटला की ‘बर्ड’च्या पडद्यावर फ्रेंच चित्रपट पुन्हा दुर्मीळ होतो, आणि उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांत घडलेल्या प्रेक्षकाला पुढचा चित्रपट कुठे मिळणार, याचे उत्तर महोत्सवाकडे नाही. कित्येक चित्रपट तिथे दाखवले जातात आणि अमेरिकेत नंतर कधीच प्रदर्शित होत नाहीत. ती कसर भरण्याचा एक मार्ग विद्यापीठांतून जातो: फ्रेंच बाजूकडून तिथल्या महाविद्यालयांना वर्षभर चित्रपट दाखवण्यासाठी थोडे अनुदान मिळते. दरम्यान चित्रपटाच्या व्यापाराचे जुने भांडण पुन्हा वर आले: २०२५ च्या मे महिन्यात अध्यक्ष ट्रम्प यांनी अमेरिकेबाहेर बनलेल्या चित्रपटांवर शंभर टक्के आयातशुल्क लावण्याची घोषणा केली. ते कशावर लावायचे, तिकिटावर, हक्कांवर की खर्चावर, याचा खुलासा तेव्हा झाला नव्हता.